सोनेरी बीअर म्हणजे लागरच? नाही हो भाऊ

आपल्या नागपुरात टेबलावर बीअरच्या दोन मोठ्या जातींबद्दल, लागर अन् एलबद्दल, एक गोष्ट वर्षानुवर्षं ठासून सांगितली जाते, सोनेरी म्हणजे लागर, काळपट म्हणजे एल, अन् जितकी काळी तितकी कडक. तिन्ही चूक. रंग येतो माल्टमधून, म्हणजे जव किती भाजलं त्यावरून, आणि एल की लागर ते ठरवतं यीस्ट, म्हणजे बीअर आंबवणारं खमीर. एलचं यीस्ट साधारण 18 ते 22 डिग्रीत खूश असतं, लागरचं 8 ते 13 मध्ये आणि वर थंडीत काही आठवडे मुरवा. म्युनिकची डुंकेल गडद तपकिरी, तरी लागर. गिनेस ड्राफ्ट काळीकुट्ट, पण अल्कोहोल 4.2 टक्क्यांच्या आसपास, घ्या आता.

इंग्लंडमधली गोल्डन एल तर 1980 च्या दशकात लागर पिणाऱ्यांना ओढायलाच आली, म्हणून दिसते तशीच.

ही गोल्डन एल घरी बनवली (आपल्याकडे परवान्याशिवाय बेकायदा आहे बरं, हे बाहेरदेशी राहणाऱ्या पोरांसाठी) तर स्टाइल ठरवताना ग्लास उजेडात धरून काही कळत नाही, कारण ब्लाँड एल नावाची दुसरी एलही त्याच रंगाची. फरक हॉप्सचा, म्हणजे कडवटपणा अन् वास देणाऱ्या फुलांचा. बीजेसीपी या बीअर परीक्षकांच्या संस्थेच्या यादीत ब्रिटिश गोल्डन एलचा कडवटपणा 20 ते 45 आयबीयू (कडवटपणाचं एकक), ब्लाँडचा 15 ते 28, म्हणजे 25 ला दोन्हीकडे बसते, तिथे वास घ्या: हॉप्स पुढे आले तर गोल्डन, सगळं गुळमुळीत, सौम्य लागलं तर ब्लाँड. आणि तापमान सांभाळा, आपल्या मे महिन्यासारख्या गरमीत यीस्ट बिथरलं की थिनरसारखा उग्र वास येतो, मग ती कुठल्याच स्टाइलमध्ये बसत नाही.