डोळे लाल आहेत? मग नंबर काढायला आत्ता नका येऊ

नमस्कार मंडळी. ताप-खोकला झाला, घरच्या किटवर कोविड निघाला, तो बरा होतोय तोवर सकाळी उठल्यावर डोळा चिकटलेला, लालभडक, आणि आत कचरा गेल्यासारखं खुपतंय. असे गिऱ्हाईक सध्या बरेच येतात आणि काउंटरवर पहिलं वाक्य हेच की "नंबर वाढलाय वाटतं, जरा बघून घ्या ना." आमचं चष्म्याचं दुकान आहे, आम्ही डोळ्यांचे डॉक्टर नाही, पण रोज तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा छापून ठेवलेलं बरं.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतून एक पातळ पडदा असतो, त्याला व्हायरसमुळे सूज येते, यालाच आपण डोळे आले म्हणतो. कोरोनामुळे पण हे होतं, आणि त्यात नवीन काही नाही, एनएल ६३ नावाचा जुना सर्दीवाला कोरोना २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये सापडला तेव्हा ज्या बाळात तो मिळाला त्याचे डोळेही आलेले होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये एक्सबीबी.१.१६ व्हेरियंट आला तेव्हा लहान मुलांचे डोळे चिकट होतायत असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ सांगत होते. पण त्याच पावसाळ्यात आळंदीपासून सगळीकडे जी डोळ्यांची साथ पसरली ती कोविडची नव्हती, ते व्हायरस वेगळे. म्हणजे कोविडनंतर डोळे आले म्हणून ते कोविडनेच आले असं नाही, आणि खरं सांगायचं तर घरी घ्यायची काळजी दोन्हीत सारखीच.

आता नंबरचं. डोळा सुजलेला असताना त्यावरचा पाण्याचा थर नीट बसत नाही, चिकट स्राव मध्ये येतो, म्हणून धूसर दिसतं. काही व्हायरसमध्ये तर लाली गेल्यावरही बुबुळावर बारीक पांढरे ठिपके काही आठवडे राहतात. अशा वेळी मशीनवर जो नंबर येईल तो तुमचा नाहीच, त्याच्यावर लेन्स बनवली की महिन्याभरात तुम्हीच म्हणणार डोकं दुखतंय, आणि बनवलेली लेन्स आम्हाला कंपनीला परत देता येत नाही. शिवाय मशीनवर हनुवटी टेकवता तिथेच पुढचा माणूस टेकवणार. डोळा पूर्ण पांढरा होऊन दोन-तीन आठवडे जाऊद्यात, मग या.

बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं. स्वच्छ फडकं गार पाण्यात भिजवून पट्टी ठेवा, दोन्ही डोळ्यांना वेगळं फडकं, टॉवेल आणि उशीचा अभ्रा कुणाशी शेअर करू नका. मध, गुलाबपाणी, बाळाच्या आईचं दूध, काजळ, यातलं काहीही नको. अँटिबायोटिक ड्रॉप व्हायरसवर चालत नाही. आणि सगळ्यात जास्त भीती आम्हाला कशाची वाटते तर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टिरॉइड ड्रॉपची. बॉक्सवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असलं काही दिसलं तर स्वतःच्या मनाने टाकू नका, दुसऱ्या दिवशी डोळा मस्त पांढरा दिसतो म्हणून लोक खूश होतात पण आत नागिणीच्या जातीचा व्हायरस असेल तर बुबुळावर जखम वाढत जाते, आणि जास्त दिवस टाकलं तर डोळ्याचं प्रेशर चढतं.

उजेड सहन होत नाही, नुसतं खुपत नाही तर ठणकतंय, पापणी मिटून उघडली तरी धूसर राहतंय, मग थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. शुगर आहे किंवा कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेत, आणि एकाच बाजूला डोळा सुजला, गाल बधिर झाला, एकाचं दोन दिसायला लागलं, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला, सकाळची वाट बघू नका. २०२१ मध्ये काळी बुरशी काय करते ते आपण सगळ्यांनी बघितलंय. अजून एक, लहान मुलाला कोविड होऊन दोन ते सहा आठवड्यांनी ताप येतोय, अंगावर पुरळ आहे, आणि दोन्ही डोळे लाल आहेत पण चिकट स्राव नाही, तर ते डोळे येणं नसेलही, लगेच बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

काळ्या गॉगलबद्दल सगळे विचारतात. उन्हाचा त्रास कमी होतो, हात डोळ्याला कमी जातो, एवढाच फायदा, नुसतं डोळ्यात बघून कुणाला लागण होत नाही आणि गॉगल लावून ती थांबतही नाही. आमचा गॉगल विकायचा फायदा आहे तरी सांगतोय.

कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी लेन्स त्याच दिवशी काढा, वापरातली जोडी, डबी आणि उघडलेलं सोल्युशन सगळं फेकून द्या, परत कधी लावायची ते डॉक्टर सांगतील तेव्हाच. चष्मा रोज साध्या पाण्याने आणि भांड्याच्या साबणाच्या एका थेंबाने धुवा, नोजपॅड आणि कानाजवळची काडी विसरू नका, सॅनिटायझर कोटिंगवर नको. आणि तुमचा चष्मा तयार असेल पण डोळे आलेले असतील तर फोन करा, घरातल्या कुणालाही पाठवा, फिटिंग नंतर फुकट करून देऊ.