ग्रेट डिक्स्टर : तिरपा पोर्च, तीन तुकड्यांचं घर आणि कर्दळीची बाग

इंग्लंडमधे ईस्ट ससेक्सच्या नॉर्दियम गावात ग्रेट डिक्स्टर आहे. समोर उभं राहिलं की आधी दिसतो तो पोर्च, एका बाजूला चक्क कललेला, ओकची राखाडी लाकडं आणि मधे पांढरा गिलावा, आणि वाटतं सगळं घर असंच पाचशे वर्षं उभं असेल. पण तसं नाहीये.

मूळ घर १५व्या शतकाच्या मध्याचं. १९१० मधे नॅथॅनिएल लॉइड यांनी ते विकत घेतलं आणि काम दिलं एडविन ल्युटेन्सला, हो तोच, ज्याने पुढे दिल्लीचं राष्ट्रपती भवन बांधलं. मधल्या काळात कोणीतरी मोठ्या दिवाणखान्यात मजले घालून खोल्या पाडल्या होत्या, त्या त्याने काढून टाकल्या आणि हॉल परत छतापर्यंत मोकळा केला. तरी घर अपुरं पडत होतं, मग शेजारच्या केंटमधल्या बेनेन्डन गावातलं १६व्या शतकातलं एक पडायला आलेलं घर विकत घेऊन, सुटं करून इथे आणून उभं केलं आणि दोन्ही जोडायला मधे स्वतःचं नवीन बांधकाम केलं. म्हणजे एका छताखाली तीन काळ, आणि मला तरी सांगितल्याशिवाय सांधा दिसला नसता!

बागेचा आराखडाही बराचसा ल्युटेन्सचाच, जुने गोठे-कोठारं न पाडता त्यांच्याच भिंतींमधे बसवलेला. यू झाडांची कापून केलेली कुंपणं मात्र नॅथॅनिएल यांची आवड, आणि गवतात रानफुलं वाढू द्यायची ही त्यांच्या पत्नी डेझी यांची.

खरी खळबळ उडाली ती धाकट्या मुलामुळे, ख्रिस्तोफर लॉइड (१९२१–२००६). १९९३ मधे त्यांनी मुख्य माळी फर्गस गॅरेट यांना सोबत घेऊन ल्युटेन्सची गुलाबबाग उपटली आणि तिथे केळी, कर्दळ, डेलिया लावले. अनेकांना हे पाप वाटलं. मला अजिबात नाही वाटत, कारण जे घरच दुसऱ्या गावाहून आणून जोडलंय त्याची बाग तरी गोठवून का ठेवायची? आपल्याकडे विहिरीच्या कडेला, मोरीच्या पाण्यावर वाढणारी कर्दळ तिथे मानाने उभी आहे हे बघून खूप भारी वाटतं. आणि थंडीआधी केळीच्या खोडांना नेच्याची पानं गुंडाळतात, बाळाला दुपट्यात गुंडाळतो ना, तसं.