शरणपूर ते उंटवाडी : खुरपं, मॉप आणि अडनिड्या वयाची मुलं

नाशिकमध्ये शरणपूर रोड म्हटलं की दुकानं, क्लासेसच्या पाट्या आणि सिग्नलला तुंबलेल्या गाड्या आठवतात. शरण आलेल्यांचं गाव म्हणून ते शरणपूर, हे रोज तिथून जाणाऱ्यांच्याही ध्यानात नसतं. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली ही वसाहत वसवली. अनाथ मुलं, धर्म बदलल्यामुळे घराला पारखे झालेले लोक आणि पुढे इंग्रजी नौदलानं अरबांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं इथं राहिली. त्यांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम शिकवलं जाई.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टननं आफ्रिकेच्या अखेरच्या मोहिमेसाठी यातले नऊ जण निवडले. इंग्रजी नोंदींत ते ‘नासिक बॉइज’ म्हणून येतात. लिव्हिंग्स्टननं त्यांच्या आळसाबद्दल डायरीत पुष्कळ कुरकुर केली आहे. १८७३ मध्ये तो वारल्यावर मात्र ज्या तांड्यानं त्याचा देह सुमारे हजार मैल वाहून किनाऱ्याला आणला, त्यात शरणपूरला शिकलेली मुलं होती. नंतरच्या तुकडीतला जेकब वेनराइट तर थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनाला हजर होता.

निरीक्षणगृहातल्या (कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात ती जागा; नाशिकला ती उंटवाडीत आहे), शिक्षण सुटलेल्या किंवा सुटायच्या बेतात असलेल्या मुलांना हाऊसकीपिंग आणि माळीकाम शिकवावं, असा विषय निघतो तेव्हा तो नवा वाटतो. पण अशा मुलांना हातकाम शिकवण्याला या शहरात दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

कायद्याची वाट थोडक्यात सांगतो. १८५०च्या ॲप्रेंटिस कायद्यानं दहा ते अठरा वयाच्या गरीब-अनाथ मुलांना कारागिराच्या हाताखाली करारानं बांधून देता येऊ लागलं. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधारशाळा उभी राहिली. १८९७च्या रिफॉर्मेटरी कायद्यानं पंधरा वर्षांखालच्या दोषी मुलाला तीन ते सात वर्षं अशा शाळेत ठेवण्याची सोय केली. तुरुंगात मुलं नकोतच, असं १९१९-२०च्या जेल कमिटीनं सांगितल्यावर १९२४चा मुंबई बालक कायदा आला. १९२९चा बोर्स्टल कायदा, म्हणजे तुरुंगाऐवजी सुधारालयाचा, सोळा ते एकवीस वयाच्या तरुणांसाठी होता. महाराष्ट्रातलं तसलं ‘किशोर सुधारालय’ नाशिकलाच आहे. १९८६, २००० आणि २०१५ असे तीनदा बाल न्याय कायदे झाले. मधल्या कायद्यानं मुलग्यांची वयोमर्यादा सोळावरून अठरावर नेली आणि अठराच्या आतलं कुणीच बोर्स्टलच्या वाट्याला उरलं नाही. ‘रिमांड होम’ हा शब्द कायद्यातून कधीच गेला, पण उंटवाडीच्या निरीक्षणगृहात जायचं तर रिक्षावाल्याला आजही तोच सांगावा लागतो.

या सगळ्या काळात सुधारशाळांमधून शिकवलं काय, तर सुतारकी, शिवणकाम, विणकाम, बुकबाइंडिंग. झाडलोट होतीच, पण ती शिकवण्याची गोष्ट नव्हती. ती रोजची ड्यूटी होती आणि कुणी आगळीक केली की वाढवून दिली जायची. आमची भाषाही इथं गंमत करते. शिक्षण आणि शिक्षा एकाच धातूतून आलेत.

साफसफाईला आपल्याकडे आणखी एक इतिहास चिकटलेला आहे, आणि तो टाळून या विषयावर बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. अमेरिकेत शाळेची देखभाल करणाऱ्याला ‘कस्टोडियन’ म्हणतात, म्हणजे राखणदार. तिथं १९३३ मध्ये रूझवेल्टनं बेकार तरुणांच्या तुकड्या जंगलात झाडं लावायला पाठवल्या, १९६४ पासून ‘जॉब कोअर’ या सरकारी योजनेतून सोळाच्या पुढच्या तरुण मुलांना कामं शिकवली गेली. गरिबी आणि वंश तिथंही आडवे येतात, पण झाडू हातात घेतला म्हणून तिथं कुणी जात विचारत नाही. इथं विचारतात, किंवा न विचारताच ठरवून टाकतात. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच शहरात सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ची धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यात, येवल्याला झाली. जन्मानं लादलेली घाणीची कामं सोडा आणि शिका, असं आजोबा-पणजोबांनी ऐकलं होतं. त्यांच्या पणतवाला सुधारणेच्या नावाखाली पुन्हा झाडूच द्यायचा असेल, तर आधी त्याच्या घरच्यांशी नीट बोलावं लागेल.

गुंता इथंच संपत नाही. १९७०च्या दशकातल्या लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. अनेक घरांत ही एकमेव पक्की सरकारी नोकरी असते आणि ती हातची जाऊ नये म्हणून कुटुंबं वर्षानुवर्षं कागदपत्रं सांभाळतात. म्हणजे एकाच घरात तो झाडू नकोसाही असतो आणि हवासाही. त्यातच नवी भरती बहुतेक ठेकेदाराकडून होते, त्यामुळे वारसा हक्क नसलेल्या मुलाच्या वाट्याला काम येतं, नोकरी येत नाही.

माळीकामाची गोष्ट तुलनेनं सोपी. मोगलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, गणेशवाडीचा फूलबाजार अजून टिकून आहे आणि जिल्ह्यातला पोरगा द्राक्षबागेत वाढलेला असतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांतला फरक निफाड-दिंडोरीकडच्या सोळा वर्षांच्या मुलाला सांगावा लागत नाही. कात्री कुठल्या डोळ्यावर लावायची हे त्याच्या हाताला कळतं. कमी असतं ते फक्त प्रमाणपत्र. तो कागद देणारं दारही इथंच आहे. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकचंच, आणि त्याच्या कृषी विभागात ‘माळी प्रशिक्षण’ नावाचा अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय कौशल्य यादीतही ‘गार्डनर’ ही वेगळी नोंद आहे. तिच्याशेजारी ‘हाऊसकीपिंग अटेंडंट’सुद्धा आहे, आणि खरी नवी गोष्ट ती आहे.

कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मॉल, हॉस्पिटल, आयटी कंपन्या आणि अंबड-सातपूरचे कारखाने यांनी सफाईचं रूपच बदललं. झाडूच्या जागी मॉप, वायपर, सिंगल डिस्क मशीन आलं. हाऊसकीपिंगच्या पोरांना बाटल्या नंबरानं पाठ असतात : आर-वन बाथरूमला, आर-टू फरशीला, आर-थ्री काचेला, आर-सिक्स कमोडला. लाल कापड संडासातून बाहेर काढायचं नाही, हिरवं किचनचं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो, हे शिकवल्याशिवाय कुणाला संडास धुवायला पाठवणं हा निष्काळजीपणा आहे, आणि घरोघरी तो रोज होतो. यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ते शिकवलं जातं तेव्हा झाडूवाला आणि तंत्र जाणणारा कामगार वेगळे होतात. अर्थात पगार वेगळा झाला तरच.

आता बाल न्याय कायद्याकडे परत येऊ. २०१५च्या कायद्यानुसार बाल न्याय मंडळ मुलाला व्यवसाय प्रशिक्षणाला पाठवू शकतं आणि समाजसेवाही करायला लावू शकतं. २०१६च्या आदर्श नियमांत समाजसेवेची जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत उद्यानाची देखभालही आहे. म्हणजे एका मुलासाठी बागकाम हा आदेशाचा भाग आणि त्याच्या शेजारच्या मुलासाठी कोर्स. झाडांभोवतीची आळी दोघंही तशीच करणार. दुसऱ्याला मार्गदर्शक, हजेरीपट आणि शेवटी परीक्षा मिळाली, तरच त्याला फरक कळेल.

वेळेचं गणितही बसत नाही. मंडळाची चौकशी चार महिन्यांत संपावी असं कायदा सांगतो आणि जामीन बहुधा त्याआधीच होतो. निरीक्षणगृहात सुरू केलेला कोर्स मुलगा अर्धवट टाकून घरी जातो, आणि ते चांगलंच आहे, कारण त्यानं घरीच असायला हवं. पण माळ्याला निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहावा लागतो. म्हणून प्रशिक्षण संस्थेच्या भिंतीत न अडकवता मुलाच्या मागोमाग घरापर्यंत गेलं पाहिजे, असं मला वाटतं. अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्यांसाठी कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या मदतीची तरतूद आहे. जामिनावर सुटलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला तिचा उपयोग नाही.

शेवटी ठेकेदाराचं टेबल. हाऊसकीपिंगच्या एजन्सीत पहिल्याच दिवशी आधार कार्ड, दोन फोटो आणि पोलीस व्हेरिफिकेशन मागतात. मुलं इथंच मागं फिरतात, कारण ‘आपलं नाव तिथं असेलच’ असं त्यांनी धरलेलं असतं. कायदा उलट सांगतो. कलम ७४ नुसार प्रकरण निकाली निघालं असेल, तर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी त्या मुलाची नोंद उघड करायची नाही. कोर्सच्या सर्टिफिकेटवरही मग संस्थेचा पत्ता ‘निरीक्षणगृह, उंटवाडी’ असा छापून चालणार नाही.