मांजर तेच, चाल वेगळी

स्क्रॅच म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायचं मुलांचं साधन. ते शिकायला बसलेलं मूल पहिल्याच दिवशी तीन ठोकळ्यांची एक स्क्रिप्ट जोडतं. वर हिरव्या झेंड्याचा ठोकळा, त्याखाली ‘कायम’ आणि ‘कायम’च्या पोटात ‘१० पावलं चाला’. झेंड्यावर क्लिक केलं की नारिंगी मांजर चालू लागतं. पडद्यावरचा रंगमंच ४८० पावलं रुंद असतो. स्क्रॅच सेकंदाला ३० वेळा चित्र नव्यानं काढतं आणि दर चित्रामागे मांजर १० पावलं सरकतं. म्हणजे सेकंदाला ३०० पावलं, आणि दीड-पावणेदोन सेकंदांत अख्खा रंगमंच पार.

आता हीच फाईल स्क्रॅचमध्ये फेरफार करून केलेल्या टर्बोवॉर्प नावाच्या आवृत्तीत उघडा आणि तिथल्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० चित्रांचा पर्याय निवडा. ठोकळे तेच, आकडा तोच, पण मांजर निम्म्या वेळात पलीकडे. त्याच्यामागे धावणारा कुत्रा ‘१ सेकंदात सरका’ या ठोकळ्यावर चालत असेल, तर त्याचा वेग मात्र बदलत नाही, कारण तो ठोकळा चित्रं मोजत नाही, घड्याळ बघतो. मूळ खेळात कुत्रा मांजराला गाठायचा, इथे कधीच गाठणार नाही. खेळ लिहिणाऱ्या मुलानं एक अक्षरही बदललेलं नाही.

मग हा खेळ अजून त्याचाच म्हणायचा का? आणि ज्यात तो उघडला ते स्क्रॅच म्हणायचं का? स्क्रॅच वापरणाऱ्यांमध्ये हा वाद बराच जुना आहे. मूळ साधनाचा कोड घेऊन, त्यात भर घालून किंवा फेरफार करून केलेल्या आवृत्त्यांना तिथे ‘मॉड’ म्हणतात. ते असावेत का, त्यांत केलेलं काम मूळ ठिकाणी चालावं का, मुलांना त्यांची ओळख करून द्यावी का, यावर लोक पोटतिडकीनं भांडतात. मला हे भांडण मोलाचं वाटतं. प्रोग्राम म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न त्यात दहा-बारा वर्षांची मुलं विचारत असतात.

स्क्रॅच २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ते घडलं एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये, मिचेल रेझनिक यांच्या गटात. तबकडी हातानं मागेपुढे फिरवून जुन्या गाण्यांतून नवं संगीत काढणाऱ्या डीजेंच्या करामतीवरून त्याला हे नाव मिळालं, आणि नावातला तो विचार साधनात पुरता उतरला. तिथे मांडलेला कुठलाही प्रकल्प आतून उघडून बघता येतो, ‘रीमिक्स’चं बटण दाबून आपला करता येतो, मूळ कर्त्याचं नाव त्यावर आपोआप राहतं. दुसऱ्याच्या कामावर आपलं काम रचणं तिथे सरळ शिकण्याचा मार्ग मानलं जातं.

ही सवय लागलेलं मूल प्रकल्पापाशीच थांबेल, असं कसं होईल? साधनही आतून उघडतं का, हे ते बघणारच. आणि ते उघडत होतं. स्क्रॅचच्या सुरुवातीच्या आवृत्त्या स्क्वीक स्मॉलटॉक या भाषेत लिहिलेल्या होत्या. खिडकीच्या कोपऱ्यात स्क्रॅचचं बोधचिन्ह असे. शिफ्टची कळ दाबून त्यातल्या ‘आर’ अक्षराच्या वरच्या गोलावर क्लिक केलं की एक छोटी यादी उघडे. तिथून पूर्ण पडदा भरण्याची सोय बंद केली की स्क्रॅचच्या मागचं स्क्वीक समोर येई. मग कुठल्याही ठोकळ्याचा कोड वाचता येई, बदलता येई, आणि बदल चालू प्रोग्राममध्ये तिथल्या तिथे उतरे. मॉड करणाऱ्या पहिल्या पिढीतले अनेकजण या दारातून आत गेले.

स्क्रॅच १.४ चा कोड खुला करताना एमआयटीनं घातलेल्या अटी या वादाच्या मुळाशी आहेत. फेरफार करा, वाटा, पण व्यापारासाठी नको. तुमच्या आवृत्तीचं नाव स्क्रॅच नको, त्यावर ते बोधचिन्ह नको, ते मांजर नको. आणि सर्वांत खुपणारी अट म्हणजे, तुमच्या आवृत्तीतून स्क्रॅचच्या संकेतस्थळावर प्रकल्प चढवण्याची सोय नको. कोड मोकळा, नाव राखीव आणि अंगण वेगळं.

शेवटची अट अनेकांना अन्यायाची वाटली. तिच्यामागचं कारण मात्र खरं आहे. मॉडमध्ये एक नवा ठोकळा आहे आणि कुणी तो वापरून प्रकल्प केला, असं समजा. मूळ स्क्रॅचमध्ये तो उघडणाऱ्या मुलाकडे तो ठोकळा चालणारच नाही. त्याला ‘आत बघा’ आणि ‘रीमिक्स करा’ म्हणणं पोकळ ठरेल.

पण लोकांना नवे ठोकळे हवेच का होते? १.४ मध्ये स्वतःचा ठोकळा बनवण्याची सोय नव्हती. सुरुवात सोपी राहावी म्हणून असं बरंच काही बाहेर ठेवलेलं होतं. येन्स म्योनिग यांनी स्क्रॅचमध्ये ही सोय घालून ‘बिल्ड युवर ओन ब्लॉक्स’, म्हणजे बीवायओबी, ही आवृत्ती तयार केली. बर्कली विद्यापीठाचे ब्रायन हार्वे त्यांना येऊन मिळाले आणि शाळकरी साधनाची ही शाखा विद्यापीठातल्या पहिल्या अभ्यासक्रमापर्यंत पोचली. २०१३ मध्ये स्क्रॅच २.० आलं, तेव्हा मूळ साधनातही ‘ठोकळा बनवा’ आलं. मॉडमध्ये आधी रुळलेली गोष्ट मूळ साधनात नंतर आली, हा मला मॉडच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो.

तरी स्क्रॅचमधला आपण बनवलेला ठोकळा काम करतो, उत्तर हातात देत नाही. हा फरक किती नडतो ते एका उदाहरणात बघू. फिबोनाची क्रम ०, १, १, २, ३, ५ असा जातो, प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज. मूल ‘फिबो’ नावाचा ठोकळा बनवतं. दिलेली संख्या २ पेक्षा लहान असेल तर तीच ‘उत्तर’ या चलात ठेवायची. नाहीतर आधी एकनं लहान संख्येसाठी ‘फिबो’ चालवायचं, आलेलं उत्तर ‘क’ या चलात जपायचं, मग दोननं लहान संख्येसाठी ‘फिबो’ चालवायचं आणि शेवटी ‘क’ अधिक ‘उत्तर’. ३ पर्यंत सगळं बरोबर येतं. ४ घातले की ३ यायला हवेत, येतात २. कारण स्क्रॅचमध्ये ‘क’ एकच आणि तो सगळ्यांचा. फिबो(४) नं त्यात २ जपून ठेवले, तेवढ्यात आतल्या फिबो(२) नं त्यावर १ लिहून टाकला. तीन वेळा बरोबर आलेलं उत्तर चौथ्या वेळी चुकतं आणि ठोकळ्यांकडे कितीही बघितलं तरी चूक दिसत नाही. उपाय आहे, एक यादी घेऊन मधली उत्तरं तिच्यात एकावर एक रचत जायची, पण तो सुचायला आधी दुखणं कळावं लागतं.

टर्बोवॉर्पमध्ये ‘परत द्या’ असा ठोकळा आहे. तिथे हेच एका ओळीत होतं, फिबो(क्ष−१) अधिक फिबो(क्ष−२) परत द्या. मधली उत्तरं एकमेकांच्या पायात येत नाहीत. फक्त हा प्रकल्प मूळ स्क्रॅचमध्ये चालत नाही.

वेगाची गोष्ट आणखी खोल आहे. स्क्रॅचमधलं ‘कायम’सारखं प्रत्येक आवर्तन एक फेरी झाली की थांबतं आणि बाकीच्या स्क्रिप्टना पाळी देतं. फेरीत पडद्यावर काही बदललं असेल, तर पुढची फेरी पुढच्या चित्रापर्यंत थांबते. म्हणून मांजर एकदम भिंतीला जाऊन आदळत नाही, चालताना दिसतं. म्हणूनच दहा स्क्रिप्ट एकत्र चालू असल्या तरी एक दुसरीला अडवत नाही आणि ‘कायम’ लिहिणाऱ्या मुलाचा ब्राउझर गोठत नाही. ही संथ चाल विचारपूर्वक ठेवलेली आहे. ज्यांना ती नको त्यांच्यासाठी शिफ्ट दाबून हिरव्या झेंड्यावर क्लिक करून मिळणारी टर्बो पद्धत मूळ साधनातच आहे.

चित्राची वाट बघण्याखेरीजही वेळ जातो. मूळ स्क्रॅच प्रत्येक ठोकळा चालवताना त्याचा अर्थ लावतं. ‘गुण १ नं वाढवा’ हा ठोकळा लाख वेळा चालला तर लाख वेळा ते शोधतं की हा कुठला ठोकळा, ‘गुण’ कुठे ठेवलेत, त्यात संख्या आहे की मजकूर. टर्बोवॉर्प झेंडा दाबल्यावर स्क्रिप्टचं एकदाच जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेत रूपांतर करतं आणि मग ते रूपांतर थेट धावतं. आकडेमोडीचे जड प्रकल्प त्यामुळे कैकपट वेगानं चालतात.

यातलं अवघड काम मला वेगापेक्षा इमानाचं वाटतं. स्क्रॅचमध्ये इंग्रजी मजकुराची तुलना करताना लहान-मोठी लिपी सारखीच धरतात. ‘१०’ आणि ‘१०.०’ हे मजकूर म्हणून लिहिलेले असले तरी समान ठरतात. जावास्क्रिप्टची साधी तुलना या दोन्ही ठिकाणी ‘नाही’ म्हणेल. वेगवान आवृत्ती बनवणाऱ्याला मूळच्या अशा साऱ्या लकबी जशाच्या तशा उतरवाव्या लागतात, नाहीतर कुणाच्या तरी खेळात बरोबर उत्तर दिलेल्या खेळाडूला गुण मिळत नाहीत.

फाईलमध्ये नेमकं काय असतं तेही बघण्यासारखं आहे. २०१९ पासूनच्या स्क्रॅच ३.० ची फाईल म्हणजे एक झिप, अनेक फाईलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, असते. नावाचं शेपूट बदलून ती उघडली की चित्रं, आवाज आणि एक मजकुराची फाईल सापडते. तिच्यात ‘१० पावलं चाला’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. ‘मोशन_मूव्हस्टेप्स’ असं सांकेतिक नाव असतं आणि शेजारी १०. त्यामुळेच तोच प्रकल्प सत्तरहून अधिक भाषांत आपापल्या शब्दांत उघडतो. पण सेकंदाला किती चित्रं, हे मूळ फाईलमध्ये नसतंच. ते वाचणारा प्रोग्राम ठरवतो. मुलानं लिहिलेल्या खेळाचा अर्धा अर्थ फाईलच्या बाहेर राहतो आणि मॉड नेमका त्याच अर्ध्याला हात घालतो.

आता सुरक्षेचा मुद्दा. तो मी हलका मानत नाही. काही मॉडमध्ये बाहेरून आणलेले विस्तार, म्हणजे नव्या ठोकळ्यांचे संच, जोडता येतात आणि विस्तार म्हणजे अखेर जावास्क्रिप्ट. ते बंदिस्त खोलीत चालवलं तर पानातल्या बाकीच्या गोष्टींना त्याला शिवता येत नाही. ती भिंत काढली, तर पानाला जे जे करता येतं ते सगळं त्यालाही करता येतं. शिवाय काही आवृत्त्यांभोवती मुलांच्या गप्पांवर कुणाचीही देखरेख नसते. मूळ स्क्रॅच चालवणारे लोक मॉडच्या प्रसाराबाबत सावध असतात, त्यात ही काळजी मोठी आहे आणि ती योग्यच आहे. पण ती सरसकट सगळ्या मॉडना लावली जाते, तेव्हा मला पटत नाही. केवळ वेग वाढवणारी आवृत्ती आणि अनोळखी कोड मोकाट चालवणारी आवृत्ती यांना एकाच तागडीत टाकू नये.

परवान्यांचं थोडक्यात सांगतो. १.४ च्या अटी वर आल्याच. २.० जीपीएलखाली आलं, फेरफार करून वाटलंत तर तुमचाही कोड उघडा ठेवा. ३.० चा गाभा बीएसडीखाली आला, कोड बंद ठेवलात तरी हरकत नाही. पुढे तो एजीपीएलखाली गेला, इंटरनेटवरून नुसता वापरायला दिलात तरी कोड वापरणाऱ्यांना मिळाला पाहिजे. नाव आणि मांजर मात्र कुठल्याच टप्प्यावर मोकळे नव्हते आणि ते मला रास्त वाटतं. कोड वाटल्यानं कमी होत नाही, पण एकच नाव दहा वेगळ्या वागणाऱ्या गोष्टींना दिलं की शिकणाऱ्याचा घोळ होतो.

म्हणून मॉड चांगला की वाईट असा सवाल मी करत नाही. मी बघतो ते एवढंच, की त्यात गेलेल्या मुलाला परत येता येतं का आणि येता येत नसेल तर ते त्याला आधी सांगितलं जातं का. बीवायओबीवाल्यांनी हे प्रामाणिकपणे निभावलं. त्यांनी सगळं जावास्क्रिप्टमध्ये नव्यानं लिहिलं, नावही बदलून ‘स्नॅप!’ केलं. आज ती स्वतःच्या पायावर उभी असलेली वेगळी भाषा आहे आणि तिला कुणी नकली स्क्रॅच म्हणत नाही.

टर्बोवॉर्पनं परतीची वाट वेगळ्या रीतीनं जपली आहे. सेकंदाला ६० चित्रं ही तुमची निवड प्रकल्पात साठवायला सांगितली, तर ती रंगमंचावरच्या एका साध्या टिपेत लिहिली जाते. टर्बोवॉर्प ती टीप वाचून वेग ठरवतं. मूळ स्क्रॅचला ती फक्त टीप दिसते, प्रकल्प ३० च्या चालीनं सुरू होतो आणि काहीही मोडत नाही.

दुसरी युक्ती मुलांना फार आवडते. आपण बनवलेल्या ठोकळ्याला ‘इज कंपाइल्ड?’ या नावाचं हो-नाही प्रकारचं इनपुट द्यायचं आणि ते इनपुट ओढून ठोकळ्याबाहेरच्या एखाद्या ‘जर-नाहीतर’मध्ये बसवायचं. मूळ स्क्रॅचला तिथे अशा नावाचं काही सापडत नाही, म्हणून ते ‘नाही’ धरतं. टर्बोवॉर्प ते नाव ओळखतं आणि ‘हो’ म्हणतं. मग ‘जर-नाहीतर’च्या वरच्या कप्प्यात पाच हजार ठिपक्यांचं आभाळ, खालच्या कप्प्यात पाचशेंचं. फाईल एकच, दोन्हीकडे उघडते आणि आपण कुठे चालतोय हे तिचं तिला कळतं.