रग्बी लीग म्हणजे रग्बीची लीग नव्हे

2025 च्या जूनमध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग झाली आणि माझ्या फोनवर एकच मेसेज चार जणांकडून आला. सगळ्यांत मोठा उत्साह भाच्याचा: "मामा, तुझी रग्बी लीग आली बघ मुंबईत!" नाही आली रे. अंधेरीत झाली ती रग्बीची एक लीग होती, आयपीएलच्या धर्तीवरची. खेळ होता सेव्हन्स, म्हणजे रग्बी युनियनचंच सात-सात जणांचं आटोपशीर रूप, ऑलिंपिकमध्ये दिसतं ते. रग्बी लीग हा मुळात वेगळा खेळ आहे. त्यातलं 'लीग' हे स्पर्धेचं नाव नाही, खेळाचं आडनाव आहे. इंग्लंडच्या उत्तरेत, हल शहरात, बारा वर्षं राहून मी हे इतक्या वेळा सांगितलंय की आता एकदाचं लिहूनच ठेवतो.

युनियन तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तिच्यावर फार शाई घालवत नाही. ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या टीमचा, मॅचआधीचा हाका नाच, 1995 च्या वर्ल्ड कपला हिरवी जर्सी घालून उभे राहिलेले मंडेला, बॉम्बे जिमखान्याचं मैदान, रग्बी खेळणारा अभिनेता राहुल बोस, हे सगळं युनियन. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपासाठी दरवर्षी भिडतात, तो कलकत्त्याच्या एका क्लबने गाशा गुंडाळताना बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून बनवून घेतला होता. तेही युनियनच. आपल्याकडे रग्बी आली ती गोऱ्या पलटणी आणि जिमखान्यांबरोबर, म्हणून भारतात 'रग्बी' म्हटलं की युनियनच समजायची.

नियमांचा फरक एका दमात सांगतो. युनियनला 15 खेळाडू, लीगला 13. युनियनमध्ये खाली पडलेल्या माणसाभोवती ढीग जमतो आणि चेंडूसाठी ओढाताण चालते. लीगमध्ये धरलेला माणूस उठतो, पायाने चेंडू मागे सारतो आणि खेळ पुढे सुरू. असे सहा टॅकल, म्हणजे सहा पकडी, झाल्या की चेंडू समोरच्यांचा. लाइनआउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधे फेकणं, नाही. स्क्रम, म्हणजे खांद्याला खांदा लावून रेटारेटी, नावापुरता. ट्रायला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवण्याला, तिकडे 5 गुण, इकडे 4. झालं. कबड्डी बघत वाढलेल्या माणसाला लीग दहा मिनिटांत कळते. आई इथे आली होती तेव्हा पहिल्याच मॅचला म्हणाली, "पकड चांगली आहे त्या सहा नंबरची." तिला एवढं कळलं ते पुरे होतं. अमेरिकन फुटबॉलशी गल्लत करणाऱ्यांसाठी: हेल्मेट नाही. पुढे चला.

लोक नेमके इथे थांबतात. 13 आणि 15 पाठ केले की फरक समजला असं त्यांना वाटतं. मग मला विचारतात, "तू कुठली टीम निवडलीस? का?" या प्रश्नातच सगळा घोळ आहे. मी निवडली नाही. इथे कोणीच निवडत नाही.

आपल्याला टीमशी नातं जोडायचे दोनच रस्ते ठाऊक आहेत. एक देशाचा: भारत खेळतोय, म्हणजे आपण भारताचे. दुसरा आयपीएलचा: धोनी आवडतो म्हणून चेन्नई, उद्या दुसरा कोणी आवडला तर दुसरी. युनियन या दोन रस्त्यांवर बरीचशी बसते. इंग्लंडमधल्या बहुतेकांना युनियन भेटते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, सिक्स नेशन्स या सहा देशांच्या स्पर्धेला, गुलाबाचं चिन्ह असलेल्या पांढऱ्या जर्सीत. आपण कोणत्या क्लबचे, हा प्रश्न नंतरचा. अनेकांना तर तो पडतच नाही. लीगमध्ये उलटं आहे. देशाची टीम असते, तिच्या मॅचही लोक बघतात, पण जीव अडकलेला असतो गावच्या टीममध्ये. आणि गावची टीम ही आपल्या गल्लीच्या गणपती मंडळासारखी असते. शहरातली सगळी मंडळं हिंडून, मूर्ती तोलून-मापून कोणी आपलं मंडळ ठरवतं का? दारावर टकटक होते, वर्गणीची पावती फाडली जाते आणि तुम्ही त्या मंडळाचे होता. शेजारच्या मंडळाची मूर्ती देखणी असली तरी तुम्ही आपल्याच मांडवात खुर्च्या उचलता.

हे असं का झालं, याला तारीख आहे: 29 ऑगस्ट 1895. यॉर्कशर-लँकेशरच्या गिरण्यांत, खाणींत, गोद्यांत काम करणारे लोक शनिवारीही राबत असत. मॅच खेळायची तर पगार बुडायचा. क्लब म्हणाले, बुडाला तेवढा तरी भरून देऊ. लंडनच्या रग्बी युनियनने साफ नकार दिला. त्यांच्या लेखी खेळ पैशासाठी खेळायचा नसतो. ज्यांना पैशाची चणचण नसते त्यांना हे तत्त्व फार आवडतं. हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांची बैठक झाली, 22 क्लब बाहेर पडले, त्यांनी वेगळी संघटना काढली, पुढे जिची रग्बी लीग झाली, आणि बुडालेल्या दिवसामागे 6 शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य झाली. लाइनआउट जाणं, 13 खेळाडू होणं, हे सगळं नंतरचं. आधी मजुरीचं भांडण, मग नियम. म्हणून नियमांपासून समजवायला सुरुवात करणाऱ्यांची मला चीड येते. बैल मागे आणि गाडी पुढे.

त्या 6 शिलिंगांचा परिणाम बघा. सुरुवातीला नवीन संघटनेची अट होती की खेळाडूला खेळाबाहेरची नोकरी पाहिजेच. म्हणजे शनिवारी मैदानात दिसलेला माणूस सोमवारी तुमच्या शेजारी गोदीत पोती उचलायचा. त्याला तुम्ही फॅन म्हणून ओळखत नव्हता, त्याच्या बहिणीचं लग्न कुठे झालं हे तुम्हाला माहीत होतं. उलट इंग्लंडच्या युनियनमध्ये क्लबांची देशव्यापी साखळी स्पर्धाच 1987 पर्यंत नव्हती. शाळा, विद्यापीठं, लष्कर आणि सर्वांत वर देश. क्लबसाठी रक्त आटवायला निमित्तच कमी. आणि युनियनने पैसे घ्यायला अखेर परवानगी दिली ती 1995 मध्ये. शंभर वर्षं लागली. तोवर लीग खेळलेल्या माणसाला युनियनची दारं जन्मभर बंद असत.

न्यायाने एक कबूल करतो. युनियन म्हणजे सरसकट साहेबांचा खेळ, हाही तितकाच कंटाळवाणा गैरसमज आहे. वेल्सच्या खाणींच्या दऱ्यांत, ग्लॉस्टरमध्ये, लेस्टरमध्ये युनियन गावचीच आहे.

आता हल. शहराच्या मधून त्याच नावाची छोटी नदी जाते. पश्चिमेला हल एफ.सी., रंग काळा-पांढरा. मागे हेसल रोडची मासेमारी वस्ती, जिथून ट्रॉलर आइसलँडकडे जायचे आणि 1968 च्या सुरुवातीला तीन ट्रॉलर मिळून 58 माणसं परत आली नाहीत. पूर्वेला हल के.आर., म्हणजे रोव्हर्स, रंग लाल-पांढरा, मागे गोद्या. नदीच्या ज्या काठाला तुम्ही, ती तुमची टीम. पश्चिमेचे काही कट्टर लोक बेकन खात नाहीत, कारण ते लाल-पांढरं दिसतं, असं इथे हमखास सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण सांगणारा हसत नाही.

मी घर घेतलं ते पूर्वेला. कारण शुद्ध मराठी: हप्ता परवडत होता आणि गाडी लावायला जागा होती. सामान उतरवून दोन तास झाले नसतील, शेजारच्या आजीबाई कुंपणापाशी आल्या. चहा-बिस्किटं नाहीत, नाव-गाव नाही. मुलीकडे बघून म्हणाल्या, "हिला काही गरम घालायला आहे का?" आणि लाल-पांढरा, कडा उसवलेला मफलर तिच्या गळ्यात बांधून गेल्या. पावती फाडली गेली होती. पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा आम्हाला मॅचला घेऊन गेला. मला एकही खेळाडू ठाऊक नव्हता, नियम अर्धेच कळत होते, दातांवर दात वाजत होते. मॅचआधी त्याने हातात पॅटी बटी ठेवली. उकडलेला बटाटा कुस्करून, त्यात सेजचा पाला, पिठात बुडवून तळलेला, पावात घातलेला, वर चिप स्पाइस नावाचं लालसर तिखट-मीठ. मी पहिला घास घेतला आणि त्याच्याकडे बघतच राहिलो. हलच्या लोकांना वाटतं हा पदार्थ फक्त त्यांच्याकडे मिळतो. मी वडापावचा विषय काढला नाही. पाहुण्याने पहिल्या दिवशी वाद घालू नये.

टीमवरचं प्रेम आलं ते नंतर, सवयीने. आधी जागा ठरली, मग शेजारचे चेहरे ओळखीचे झाले, मग हरल्याचं वाईट वाटायला लागलं. जिंकल्याचा आनंद सगळ्यात शेवटी आला, कारण जिंकणं फार नव्हतं. 2025 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर चॅलेंज कपच्या, म्हणजे लीगच्या बाद फेरीच्या कपाच्या, फायनलमध्ये वॉरिंग्टनविरुद्ध रोव्हर्स शेवटच्या मिनिटांपर्यंत 6-2 ने मागे होते. मग ट्राय झाली, तिच्यानंतरची दोन गुणांची किक, म्हणजे कॉन्व्हर्जन, बसली, 8-6. चाळीस वर्षांतला पहिला मोठा कप. आजीबाईंच्या मुलाने टीव्ही बंद केला आणि काही न बोलता बागेत जाऊन उभा राहिला.

याआधी चॅलेंज कप एकदाच मिळाला होता, 1980 मध्ये, आणि तोही वेम्बलीला हल एफ.सी.ला 10-5 ने हरवून. त्या दिवशी 95,000 प्रेक्षक होते. शहराबाहेर पडणाऱ्या ए-63 रस्त्यावर कोणीतरी पाटी लावली होती: शेवटचा जो निघेल त्याने दिवे मालवावेत. त्याच रस्त्याच्या एका भागाला आता क्लाइव्ह सलिव्हनचं नाव आहे. सलिव्हन कार्डिफचा, कृष्णवर्णीय. 1972 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या ग्रेट ब्रिटनचा कप्तान. तो हल एफ.सी.कडून खेळला, मग रोव्हर्सकडून 1980 ची ती फायनल खेळला, आणि 1982 मध्ये पुन्हा एफ.सी.च्या कपविजेत्या टीममध्ये होता. दोन्ही काठांनी आपला मानलेला तो विरळा माणूस. खेळाडूला नदी ओलांडता येते, प्रेक्षकाला नाही.

"पण मग आयपीएलमध्ये पुण्याची टीम होतीच की," असं भाचा म्हणतो. होती. एक नाही, दोन. पुणे वॉरियर्स 2013 नंतर गेली. रायझिंग पुणे सुपरजायंट 2017 ची फायनल मुंबईकडून एका धावेने हरली आणि त्यानंतर तीही गेली. किती पुणेकर रस्त्यावर उतरले? पुणेकर पार्किंगवरूनही भांडतात, पण या दोन टीमसाठी कोणी पाटीसुद्धा लावली नाही. आता सिडनीकडे बघा. साउथ सिडनी रॅबिटोज, रग्बी लीगचा 1908 चा क्लब, कामगार वस्तीतला. 1999 च्या हंगामानंतर स्पर्धेतल्या टीम कमी करायच्या म्हणून त्यांना वगळलं. 2000 च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे 80,000 लोक सिडनीच्या रस्त्यांवर लाल-हिरवे झेंडे घेऊन चालले. क्लब कोर्टात गेला आणि 2002 मध्ये स्पर्धेत परत आला. 2014 मध्ये विजेतेपद मिळालं, 43 वर्षांनी. ते 80,000 लोक टीमचा खेळ आवडतो म्हणून आले नव्हते. त्या काळात खेळ यथातथाच होता. त्यांच्या गल्लीचा मांडव कोणीतरी काढायला निघालं होतं.

या नात्याची मला खटकणारी बाजूही आहे. वारशाने मिळणारी गोष्ट वारस नसलेल्याला सहज मिळत नाही. इथल्याच उत्तरेतल्या ब्रॅडफर्डमध्ये दक्षिण आशियाई वस्ती केवढी मोठी, पण लीगच्या स्टँडमध्ये आपल्यासारखे चेहरे तुरळक. लीड्सचा इक्रम बट 1995 मध्ये इंग्लंडकडून लीग खेळला, तसं खेळणारा पहिला आशियाई. त्याचं नाव मला इथे येऊन सात वर्षं झाल्यावर कळलं, तेही योगायोगाने. शेजारी कुंपणापाशी कोणी आलंच नाही तर तुम्ही शंभर वर्षं मैदानासमोर राहूनही बाहेरचेच. आमच्याकडे मफलर आला, हे नशीब.

आणि एक शेवटचं, भाच्यासाठी. पत्त्यावरून टीम ठरते हे खरं, पण ती एकदाच ठरते. नोकरी बदलल्यामुळे परवा आम्ही नदीपलीकडे घर बघायला गेलो. चांगलं होतं, दक्षिणेकडे तोंड, स्वयंपाकघराला खिडकी, मागे लिंबाएवढी का होईना बाग. एजंट उत्साहाने म्हणाला, इथून स्टेडियम पायी पंधरा मिनिटांवर. बायको आणि मी वरच्या खोल्या बघून खाली आलो तर मुलगी गाडीतच बसलेली. काच वर, दार आतून बंद, आणि जूनच्या उकाड्यात गळ्यात तो उसवलेला मफलर.