अणुअपघातात आधी कोणाला हलवायचं, कोणाला नाही

११ मार्च २०११च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुऊर्जा प्रकल्पातून किरणोत्सर्गी द्रव्यं बाहेर पडू लागली आणि २० किलोमीटरचा परिसर रिकामा करण्याचा आदेश निघाला. त्या पट्ट्यातल्या रुग्णालयांतल्या आणि शुश्रूषागृहांतल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना बसमध्ये बसवून तासन्‌तास नेलं गेलं. अनेकांच्या सोबत डॉक्टर नव्हता, परिचारिकाही नव्हती. ५०हून अधिक रुग्ण वाटेत किंवा पोहोचल्यावर लवकरच दगावले. गारठा, शरीरातलं पाणी कमी होणं, मूळ आजार बळावणं ही त्यामागची कारणं. किरणोत्सर्गाने त्यांतला एकही गेला नाही.

प्रकल्पाला लागून राहणाऱ्या धडधाकट कुटुंबाने लवकर बाहेर पडावं, यात वाद नाही. पण स्थलांतर हाही एक उपचारच आहे, आणि तो कोणाला झेपणार नाही हे अपघाताच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असायला हवं.

मुलांच्या बाबतीत सगळ्यात मोठी भीती आयोडीन-१३१ या किरणोत्सर्गी आयोडीनची. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ८ दिवसांचं, म्हणून धोका मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांचा. थायरॉइड ग्रंथीला साधं आयोडीन आणि किरणोत्सर्गी आयोडीन यांतला फरक कळत नाही. मिळेल ते ती साठवते. प्रकल्पातून निघालेल्या किरणोत्सर्गी ढगातून हे आयोडीन गवतावर बसतं, गवतातून गाईच्या दुधात येतं आणि दुधातून मुलांच्या पोटात. एप्रिल १९८६मध्ये चेर्नोबिलच्या अणुप्रकल्पात अपघात झाला, तेव्हा बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत मुलं ते दूध पीत राहिली. त्या वेळी १८ वर्षांखालील असलेल्यांमध्ये २००५पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,०००हून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांतला मोठा वाटा त्या दुधाचा होता. काही दिवस दूध बंद करणं, एवढी साधी गोष्ट वेळेवर झाली नाही.

शेजारच्या पोलंडने ती केली. हवेतला किरणोत्सर्ग वाढलेला दिसताच, २९ एप्रिलपासून, तिथे सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना साधं आयोडीन पाजण्यात आलं. कुरणात चरलेल्या गाईंच्या दुधावर बंधनं आली, लहानग्यांना दूध पावडर दिली गेली. गंभीर दुष्परिणाम अगदी विरळा दिसले.

आज हेच काम पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीने होतं. ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरली की किरणोत्सर्गी आयोडीनला जागा उरत नाही. म्हणून वेळ फार महत्त्वाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ढग पोहोचण्याआधीच्या २४ तासांपासून पोहोचल्यानंतरच्या २ तासांपर्यंत घेतलेली गोळी सर्वांत गुणकारी. ८ तासांपर्यंतही उपयोग होतो. २४ तासांनंतर फायद्यापेक्षा तोटाच जास्त. अपघातानंतर वाटपाच्या रांगा लावून हे गणित जमत नाही. स्वित्झर्लंडमध्ये प्रकल्पांभोवतीच्या ५० किलोमीटरमधल्या घरांत गोळ्या आधीच पोहोचवलेल्या असतात, आणि मला तीच खरी तयारी वाटते. मात्र ही गोळी फक्त थायरॉइडला वाचवते. सीझियम-१३७सारख्या दुसऱ्या किरणोत्सर्गी द्रव्यांवर तिचा काहीही परिणाम नाही. चाळिशीनंतर तिचा फायदाही थोडाच, म्हणून मुलं, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया आधी. प्रशासनाने सांगण्यापूर्वी ती कोणीच घेऊ नये.

ढग डोक्यावरून जात असताना रस्त्यावरच्या वाहतूक कोंडीत अडकण्यापेक्षा पक्क्या इमारतीत दारं-खिडक्या लावून, पंखे-एसीने बाहेरची हवा आत येऊ न देता थांबणं अनेकदा अधिक सुरक्षित असतं.

फुकुशिमाजवळच्या मिनामिसोमा शहरातल्या ५ शुश्रूषागृहांचा पुढे अभ्यास झाला. अपघातानंतर तिथल्या वृद्धांमधलं मृत्यूचं प्रमाण एकूण सुमारे २.७ पट झालं होतं. पण सगळीकडे सारखं नव्हे: एका ठिकाणी ते वाढलंच नाही. फरक पडला तो माणसांना कसं नेलं, आणि नव्या जागी त्यांची औषधं, जेवण, सवयी कोणाला माहीत होत्या की नाही, यामुळे. जपानने नंतर प्रकल्पांजवळच्या काही रुग्णालयांत आणि शुश्रूषागृहांत हवा गाळून आत घेणाऱ्या सुरक्षित खोल्या उभारल्या. ज्यांना हलवणंच जिवावर बेतेल, त्यांनी गाडी आणि सोबतीला वैद्यकीय पथक येईपर्यंत तिथेच थांबायचं.