आयपीएलमधली शिस्त, दंड आणि बॅन

इंडियन प्रीमियर लीगमध्ये खेळाडू, कॅप्टन, कोच किंवा टीमच्या मालकाने मैदानात वा बाहेर काही गडबड केली की बीसीसीआय जी कारवाई करते तिचा हा सगळा पसारा, म्हणजे मॅच रेफरीने लावलेला दंड, डिमेरिट पॉइंट, एखाद्या मॅचचा बॅन आणि प्रकरण फारच चिघळलं तर आजन्म बंदी. कागदावर कोड ऑफ कंडक्ट आहे, त्यात लेव्हल १ ते लेव्हल ४ अशा पायऱ्या आहेत, वाचायला सगळं नीटनेटकं वाटतं. पण २००८ पासूनची प्रकरणं एका ओळीत लावून बघितली तर वेगळंच चित्र दिसतं. टीव्हीवर दिसलेल्या भांडणाचा निकाल बहुतेक वेळा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी लागतो आणि दंड किरकोळ असतो, सट्ट्याशी संबंध आला की खेळाडूचं करिअरच संपतं, आणि मालकांपर्यंत हात पोचायला मात्र कोर्ट लागतं.

मोहालीची थप्पड

लीग सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. २५ एप्रिल २००८ ला मोहालीत किंग्ज इलेव्हन पंजाबने मुंबई इंडियन्सला हरवलं आणि मॅचनंतर हात मिळवायच्या वेळी हरभजनसिंगने श्रीशांतच्या कानाखाली वाजवली. सचिन दुखापतीमुळे बाहेर होता म्हणून त्या दिवशी मुंबईचा कॅप्टन भज्जीच होता, म्हणजे ज्याने बाकीच्यांना आवरायचं तोच. गंमत अशी की थप्पड टीव्हीवर कोणाला दिसलीच नाही, दिसला तो फक्त हुंदके देऊन रडणारा श्रीशांत, आणि तेवढं पुरलं. मॅच रेफरी होते फारुख इंजिनियर, मुंबईचेच जुने विकेटकीपर. त्यांनी सुनावणी घेतली आणि ११ मॅचचा बॅन टाकला, म्हणजे भज्जीचा उरलेला अख्खा सीझन गेला, पैसेही गेले. मुंबईचे कोच लालचंद राजपूत यांना वेळीच मध्ये पडले नाहीत म्हणून मॅच फीच्या ५० टक्के दंड झाला, आणि नंतर बीसीसीआयने भज्जीला ५ वनडेसाठी वेगळं घरी बसवलं. लीगच्या इतिहासात मैदानावरच्या भांडणासाठी एवढी मोठी शिक्षा परत झालेली नाही.

त्या थप्पडेचं फुटेज मात्र १७ वर्षं लोकांसमोर आलंच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ललित मोदींनी, म्हणजे तेव्हाच्या लीगच्या कमिशनरनेच, मायकेल क्लार्कच्या पॉडकास्टवर ते दाखवलं. तोपर्यंत भज्जी आणि श्रीशांत दोघं निवृत्त झाले होते आणि भज्जीने जाहीर माफी तर कितीतरी वेळा मागून झाली होती.

रेफरीची पावती

आता रोजच्या कारवाईकडे. मॅच झाली की लीगकडून एक छोटी प्रेस नोट येते आणि तिचा साचा वर्षानुवर्षं तोच: अमुक खेळाडूने कलम अमुकचा भंग केला, गुन्हा कबूल केला, मॅच रेफरीची शिक्षा मान्य केली, लेव्हल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात हलक्या गुन्ह्यात, रेफरीचा निर्णय अंतिम असतो. कलम २.२ म्हणजे बॅट, हेल्मेट, स्टंप यांची आदळआपट, २.५ म्हणजे आउट झालेल्या बॅट्समनला डिवचणं, २.८ म्हणजे अंपायरच्या निर्णयावर नाराजी दाखवणं. खेळाडूने कबूल केलं की सुनावणीची गरजच उरत नाही, म्हणून जवळपास सगळे कबूल करून मोकळे होतात, परवा परत मॅच असते, कोण वाद घालत बसणार.

२०२५ पासून आयसीसीसारखी डिमेरिट पॉइंटची पद्धत आणली गेली. पॉइंट ३६ महिने खात्यावर राहतात आणि चार झाले की एका मॅचला बाहेर. या पद्धतीचा पहिल्याच वर्षी गाजलेला बळी म्हणजे लखनौचा लेगस्पिनर दिग्वेश राठी. विकेट काढली की हा पठ्ठ्या हातावर वहीत नाव लिहिल्यासारखी सही करायचा, ट्रॅफिक हवालदार पावती फाडतो ना अगदी तसं, आणि दरवेळी रेफरी त्याचीच पावती फाडायचे. १ एप्रिलला पंजाबच्या प्रियांश आर्यसमोर केलं, मॅच फीच्या २५ टक्के. ४ एप्रिलला मुंबईच्या नमन धीरसमोर, ५० टक्के. मधे काही दिवस तो हातावर लिहायचं सोडून गवतावर लिहायला लागला, बहुतेक गवतासाठी कलम नव्हतं. मग १९ मे ला अभिषेक शर्माबरोबर चांगलीच जुंपली, परत ५० टक्के, एकूण पाच पॉइंट आणि एका मॅचचा बॅन. मॅच फी साडेसात लाख धरली तर तीन दंड मिळून ९ लाख ३७ हजार होतात, आणि त्याचा सीझनचा करार होता ३० लाखांचा.

हा हिशोब महत्त्वाचा आहे कारण दंड मॅच फीच्या टक्केवारीत असतो आणि २०२५ पासून मॅच फी सगळ्यांची सारखी, करार मात्र सारखे नाहीत. १ मे २०२३ ला लखनौमध्ये विराट कोहली आणि गौतम गंभीर भर मैदानात एकमेकांना भिडले, दोघांना १०० टक्के दंड झाला, लखनौचा बॉलर नवीन-उल-हकला ५० टक्के. बॅन कोणालाच नाही. कोटींमध्ये कमावणाऱ्या माणसाला एका मॅचची फी गेल्याने काय फरक पडणार, आणि त्या भांडणाच्या क्लिप तर पुढे कित्येक महिने फिरत राहिल्या, नवीनने इन्स्टावर आंब्यांचे फोटो टाकले त्याच्याही बातम्या झाल्या. त्याआधी ११ एप्रिल २०१९ ला जयपूरमध्ये नोबॉलच्या घोळावरून धोनी, आउट होऊन बाहेर बसलेला असताना, सरळ मैदानात घुसून अंपायरशी वाद घालायला गेला. ५० टक्के दंड, विषय संपला. तेच कोलकात्याच्या हर्षित राणाला २०२४ मध्ये मयंक अगरवालला दिलेला फ्लाइंग किस आणि त्याच मॅचमधला आणखी एक गुन्हा मिळून ६० टक्के दंड झाला, आणि पुढे दिल्लीच्या अभिषेक पोरेलला हाताने बाहेरचा रस्ता दाखवला म्हणून १०० टक्के दंड आणि एका मॅचचा बॅन, त्यामुळे वानखेडेवरची मुंबईविरुद्धची मॅच त्याला बाकावरून बघावी लागली. राणाची ती दुसरी वेळ होती हे खरं, नियमात ते बसतं. पण नवख्या पोराला आणि धोनीला एकच तराजू लागतो असं कोणी छातीठोक म्हणू शकेल असं मला वाटत नाही.

आणि ओव्हर रेटचं बघा. ठरलेल्या वेळेत २० ओव्हर टाकल्या नाहीत तर कॅप्टनला पहिल्यांदा १२ लाख, दुसऱ्यांदा २४ लाख. तिसऱ्यांदा ३० लाख आणि एका मॅचचा बॅन असा २०२४ पर्यंत नियम होता, बाकीच्या खेळाडूंच्या खिशालाही दुसऱ्या वेळेपासून चाट. २०२४ मध्ये ऋषभ पंतची एक मॅच यात गेली, आणि हार्दिक पांड्याचा तिसरा गुन्हा मुंबईच्या त्या वर्षीच्या शेवटच्या मॅचमध्ये झाला म्हणून त्याची शिक्षा पुढच्या सीझनला गेली, २०२५ ची चेन्नईविरुद्धची पहिली मॅच तो खेळू शकला नाही. २०२५ पासून कॅप्टनचा हा थेट बॅन काढून तिथेही डिमेरिट पॉइंट आणले. म्हणजे समोरच्याला डिवचलं तर २५ टक्के म्हणजे एक लाख ८७ हजार पाचशे, आणि उशीर केला तर १२ लाख. २०२३ ते २०२७ चे मीडिया राइट्स ४८,३९० कोटींना गेलेत, त्यामुळे उशीर जास्त महाग का हे वेगळं सांगायला नको.

सट्ट्याचा डाग

इथे लीगची भाषा एकदम बदलते. २०१२ मध्ये एका न्यूज चॅनेलच्या स्टिंगमध्ये पाच खेळाडू सापडले, त्यातल्या टी. पी. सुधींद्रला आजन्म बंदी, शलभ श्रीवास्तवला ५ वर्षं, बाकी तिघांना एक-एक वर्ष. पण खरा भूकंप पुढच्या वर्षी झाला. १५ मे २०१३ ला वानखेडेवर मुंबई इंडियन्स विरुद्ध राजस्थान रॉयल्स मॅच झाली आणि त्या रात्री दिल्ली पोलिसांनी मुंबईतून श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईकडून रणजी खेळलेला अंकित चव्हाण यांना उचललं. सप्टेंबरमध्ये बीसीसीआयने श्रीशांत आणि चव्हाणवर आजन्म बंदी घातली. पोलिसांनी लावला होता मकोका, म्हणजे महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीसाठी केलेला कायदा जो दिल्लीतही लागू आहे, पण जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तिघांनाही आरोपातून मुक्त केलं. मॅच फिक्सिंगला आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही, तिथेच घोडं अडतं. कोर्टाने सोडलं तरी बीसीसीआयने बंदी उठवली नाही, श्रीशांत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, कोर्टाने मार्च २०१९ मध्ये शिक्षेचा फेरविचार करा म्हणून सांगितलं आणि बीसीसीआयचे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी ती सात वर्षांवर आणली. ती संपली सप्टेंबर २०२० मध्ये, तेव्हा श्रीशांत ३७ वर्षांचा होता. पुढे चव्हाणचीही बंदी सात वर्षांवर आली.

मालकांच्या बाबतीत मात्र बीसीसीआयचा पाय जड झाला. चेन्नईचा गुरुनाथ मय्यप्पन, बोर्डाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांचा जावई, याला मुंबई पोलिसांनी २४ मे २०१३ ला सट्टेबाजी प्रकरणात अटक केली. त्याच्या कार्डावर टीम प्रिन्सिपल असं छापलेलं होतं आणि नंतर सांगण्यात आलं की तो नुसता क्रिकेटची आवड असलेला माणूस. जावई नुसता हौशी! बोर्डाने दोन निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली, ती मुंबई हायकोर्टाने जुलै २०१३ मध्ये बेकायदा ठरवली. मग सुप्रीम कोर्टाची मुद्गल समिती, मग लोढा समिती, आणि जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान दोन्ही टीम दोन वर्षांसाठी बाहेर, मय्यप्पन आणि राजस्थानचा सहमालक राज कुंद्रा दोघांना आजन्म बंदी. अटकेपासून निकालापर्यंत दोन वर्षं गेली, दिग्वेशच्या पावतीला एक रात्र पुरते.

याच निकालाने पुण्याला टीम मिळाली. रिकाम्या जागी २०१६ आणि २०१७ अशी दोनच वर्षं रायझिंग पुणे सुपरजायंट आली, पहिल्या वर्षी चेन्नईचाच धोनी कॅप्टन, दुसऱ्या वर्षी स्टीव्ह स्मिथ, आणि २०१७ ची फायनल मुंबईकडून एका रनने हरली, पुणेकर अजून तो विषय काढू देत नाहीत. २०१८ मध्ये केपटाउनच्या सँडपेपर प्रकरणामुळे, म्हणजे बॉल सँडपेपरने घासल्यामुळे, स्मिथ आणि वॉर्नरला त्या वर्षीच्या आयपीएलमधून बाद केलं गेलं, म्हणजे गुन्हा दुसऱ्या देशाच्या टेस्टमध्ये आणि दार इथलं बंद. त्याच वर्षी शिक्षा भोगून चेन्नई परत आली आणि वानखेडेवर ट्रॉफी उचलून गेली.

वानखेडेवरून आठवलं, मे २०१२ मध्ये शाहरुख खानने तिथल्या सिक्युरिटीवाल्यांशी हुज्जत घातली म्हणून मुंबई क्रिकेट असोसिएशनने, विलासराव देशमुख अध्यक्ष असताना, त्याला पाच वर्षं स्टेडियमची बंदी केली होती. ती लीगने नाही, एमसीएने घातली, आणि २०१५ मध्ये उठवली पण.

मैदानाबाहेरचं वागणं

अमेरिकेत एनएफएलने, म्हणजे तिथल्या फुटबॉल लीगने, होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये मारणाऱ्या रे राइस या खेळाडूच्या प्रकरणानंतर डिसेंबर २०१४ मध्ये खेळाडूंच्या खाजगी वागण्याची पॉलिसी कडक केली, घरगुती हिंसाचाराला पहिल्याच वेळी सहा मॅच असा ठोक आकडा लिहून ठेवला. राइसला आधी फक्त दोन मॅचची शिक्षा होती, लिफ्टमधला व्हिडिओ बाहेर आल्यावर बेमुदत झाली, आणि ती वाढीव शिक्षा नंतर लवादाने रद्द केली, कारण तिथे खेळाडूंची युनियन आहे आणि ती भांडते. आपल्याकडे सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची अशी युनियनच नाही, २०१९ मध्ये लोढा सुधारणांमुळे इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन आली ती निवृत्तांसाठी. त्यामुळे दंड लागला की खेळाडू, त्याचा एजंट आणि फ्रँचायझी, एवढेच.

२०१९ च्या जानेवारीत हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल एका टीव्ही चॅट शोवर बायकांबद्दल जे बोलले त्यावरून दोघांना ऑस्ट्रेलियाहून परत बोलावलं, दोन आठवड्यांनी सस्पेन्शन उठलं, आणि एप्रिलमध्ये आयपीएल चालू असताना लोकपालांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड ठोठावला: १० लाख ड्युटीवर मरण पावलेल्या निमलष्करी जवानांच्या दहा विधवांना, १० लाख अंध क्रिकेटला. विषय होता बायकांबद्दलच्या बोलण्याचा आणि पैसे गेले जवानांच्या घरी, हा जोड कोणी कसा लावला कळत नाही, पण बातमी मात्र छान दिसली.

इमेजची काळजी जाहिरातींपाशी येऊन थांबते. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी लीगला पत्र लिहून दारू-तंबाखूच्या जाहिराती, आडून केलेल्यासुद्धा, बंद करा म्हणून सांगितलं. सट्ट्यासाठी पोरांना आजन्म घरी बसवणाऱ्या याच लीगची टायटल स्पॉन्सर २०२० मध्ये ड्रीम११ होती, पैसे लावून टीम बनवायचं ॲप. ते बीसीसीआयने बंद केलं नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला तेव्हा ड्रीम११ चं नाव टीम इंडियाच्या जर्सीवर होतं आणि आशिया कप तोंडावर आलेला असताना ते काढावं लागलं.